हॅकेथॉनमध्ये सामायिक निधीचे विकेंद्रित अ‍ॅप: कॉन्ट्रॅक्टमध्ये काय ठेवावे आणि काय बाहेर?

तिरपी रेघ (धागाकर्ता)

नमस्कार. आम्ही चौघे अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला आहोत आणि येत्या विद्यार्थी हॅकेथॉनमध्ये ब्लॉकचेन (अनेक संगणकांनी मिळून राखलेली सामायिक नोंदवही) विभागात उतरण्याचे ठरवले आहे. हाती सलग छत्तीस तास असतील. कल्पना अशी आहे की विद्यार्थी मंडळाचा जो सामायिक निधी असतो, तो एका खजिनदाराच्या खात्यात न राहता स्मार्ट कॉन्ट्रॅक्टमध्ये, म्हणजे ब्लॉकचेनवर चालणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, राहावा. सभासदांनी त्यात वर्गणी भरावी, खर्चाचा प्रस्ताव कोणाही सभासदाला मांडता यावा, इतरांनी त्यावर मत द्यावे आणि ठरलेले बहुमत मिळाल्यावर रक्कम थेट संबंधिताच्या वॉलेटमध्ये जावी. आमच्यापैकी दोघांना जावास्क्रिप्ट चांगले येते, एकाला सॉलिडिटी या कॉन्ट्रॅक्ट लिहिण्याच्या भाषेची तोंडओळख आहे आणि चौथ्याकडे स्क्रीनची रचना व सादरीकरण आहे.

कोणती ब्लॉकचेन निवडावी, कॉन्ट्रॅक्टचा आवाका किती ठेवावा आणि परीक्षक नेमके काय तपासतात, याबद्दल अनुभवी मंडळींचे मत हवे आहे. शोधल्यावर जे लेख मिळतात, त्यांतल्या बहुतेकांत स्वतःचे टोकन (ब्लॉकचेनवरचे नाणे) कसे काढावे एवढेच सांगितलेले असते आणि त्यापुढचा मार्ग वाचकावर सोडलेला असतो.

उलटतपासणी

विद्यार्थ्यांच्या हॅकेथॉनमध्ये परीक्षक म्हणून बसण्याचा योग येत असतो, त्यामुळे तुमच्या शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो. या विभागात पहिला प्रश्न जवळजवळ ठरलेला असतो: हेच काम साध्या डेटाबेसवर का होत नाही? त्यावर 'पारदर्शकता' आणि 'सुरक्षितता' ही उत्तरे ऐकून परीक्षकांचे कान किटलेले आहेत, कारण चांगला डेटाबेसही सुरक्षित असतो आणि त्यातल्या नोंदी सर्वांना वाचण्यासाठी खुल्या ठेवता येतात. ज्या व्यवस्थेत नोंदी ठेवणाऱ्यावर किंवा पैसे सांभाळणाऱ्यावर इतरांना विसंबून राहायचे नाही, तिथेच ब्लॉकचेनचा खर्च आणि त्रास सोसण्यात अर्थ आहे.

तुमच्या कल्पनेत हे उत्तर आहे, फक्त ते नीट मांडायला हवे. खजिनदार नोंदी बदलू शकतो, ही अडचण दुय्यम आहे. तो एकटा पैसे काढू शकतो, ही मुख्य. नोंदवही कितीही उघडी ठेवली तरी पैसे गेल्याचे नंतर कळते, जाणे थांबत नाही. कॉन्ट्रॅक्टमध्ये ठेवलेली रक्कम मात्र त्यात लिहिलेल्या अटी पूर्ण झाल्याशिवाय हलतच नाही, आणि ती अट मोडण्याचा अधिकार कोणालाही न देणे तुमच्या हातात असते.

आता दोन अडचणी, ज्यांची उत्तरे आधीच तयार ठेवा. पहिली अशी की प्रस्तावात 'ध्वनिक्षेपकाचे भाडे' असे लिहिले आणि पैसे घेणारे वॉलेट प्रस्ताव मांडणाऱ्याच्याच मित्राचे निघाले, तर कॉन्ट्रॅक्टला ते कळण्याचा काही मार्ग नाही. ब्लॉकचेनला स्वतःबाहेरचे जग दिसत नाही; बाहेरची माहिती कोणीतरी आत आणून द्यावी लागते आणि त्या आणणाऱ्यावर पुन्हा विश्वास ठेवावा लागतो. यालाच ऑरॅकलचा प्रश्न म्हणतात आणि तो छत्तीस तासांत सुटणारा नाही, म्हणून तो सोडवल्याचा दावाही करू नका. दुसरी अडचण अधिक टोकदार आहे. 'पाचपैकी तिघांनी सही केल्याशिवाय रक्कम हलणार नाही' अशी सोय देणारी बहुस्वाक्षरी वॉलेट, उदाहरणार्थ सेफ, वर्षानुवर्षे वापरात आहेत. मग तुम्ही नवे काय लिहीत आहात?

दुसरी बाजू

वरच्या प्रतिसादातले तर्क पटतात, पण सूर पटत नाही. तिसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांनी छत्तीस तासांत जगाला नवे काहीतरी द्यावे, ही अपेक्षा अवाजवी आहे. आधी असलेली गोष्ट स्वतःच्या हाताने बांधून पाहणे, हेच हॅकेथॉनचे निम्मे काम आहे. शिवाय हॅकेथॉनमधल्या खेळकर प्रयोगांतून मोठी कामे उभी राहिलेली आहेत. क्रिप्टोकिटीज हा मांजरांचा खेळ ऑक्टोबर २०१७ मध्ये ईटीएच वॉटरलू या हॅकेथॉनमध्ये लोकांपुढे आला आणि डिसेंबरपर्यंत त्याने इथेरियम या ब्लॉकचेनचे जाळे तुंबवून दाखवले. वनइंच ही वेगवेगळ्या विकेंद्रित बाजारांतून सर्वांत चांगला भाव शोधणारी सेवा २०१९ मध्ये न्यूयॉर्कच्या हॅकेथॉनमध्ये जन्मली. 'ब्लॉकचेन कशाला?' या प्रश्नाने प्रत्येकाला दारातच अडवले असते, तर मांजरांचा खेळ कोणी केला असता असे वाटत नाही.

उलटतपासणी

ही दोन्ही उदाहरणे माझ्याच बाजूची आहेत. क्रिप्टोकिटीजमध्ये प्रत्येक मांजराची जनुके आणि मालकी ब्लॉकचेनवर होती, त्यामुळे ते मांजर खेळ बनवणाऱ्यांना न विचारता विकता येत होते. चित्रे बाहेरून येत होती आणि त्यावर टीकाही झाली, पण मालकी खरोखर खेळाडूच्या हातात होती. वनइंच ज्या बाजारांतून भाव शोधते, ते बाजारच कॉन्ट्रॅक्टच्या रूपात आहेत. म्हणजे दोन्हीकडे 'कशाला?' या प्रश्नाचे उत्तर एका वाक्यात देता येते, आणि मी तेवढेच मागतो आहे.

आधी असलेली गोष्ट पुन्हा बांधण्यात काही गैर नाही, हे मात्र मान्य आहे. फक्त सादरीकरणात परीक्षकाने 'हे सेफपेक्षा वेगळे कसे?' असे विचारले आणि संघाने सेफचे नावच ऐकलेले नसले, तर पुढची पाच मिनिटे वाया जातात.

कोरे पान

मी साधनांबद्दल लिहितो, कारण छत्तीस तासांतले पहिले सहा तास बहुतेक संघांचे इथेच जातात.

संघात जावास्क्रिप्ट जाणणारे दोघे आणि सॉलिडिटीची ओळख असलेला एक आहे, तर इथेरियम किंवा त्याच्याशी सुसंगत असलेल्या जाळ्याबाहेर जाऊ नका. सोलाना वेगवान आहे आणि तिथले व्यवहार स्वस्त आहेत, पण तिथे प्रोग्रॅम आणि त्याची माहिती वेगवेगळ्या खात्यांत ठेवण्याची रीत समजून घ्यावी लागते आणि लिखाण मुख्यतः रस्ट या भाषेत होते. रस्ट न येणाऱ्या संघाने हॅकेथॉनच्या रात्री ती शिकायला घेऊ नये. हायपरलेजर फॅब्रिकसारखी परवानगी घेऊन सामील होण्याची व्यवस्था संस्थांमधल्या व्यवहारांसाठी उपयोगी आहे. तुमच्या कामासाठी तिची उभारणीच जड होईल.

कॉन्ट्रॅक्ट लिहिण्यासाठी आणि तपासण्यासाठी हार्डहॅट किंवा फाउंड्री यांपैकी एक निवडा. दोघे जावास्क्रिप्टवाले असल्यामुळे हार्डहॅट सोयीचे पडेल. फाउंड्रीत चाचण्या सॉलिडिटीतच लिहिता येतात आणि त्या फार जलद चालतात. काहीही न बसवता केवळ ब्राउझरमध्ये प्रयोग करायचा असेल तर रीमिक्स पुरते. जुन्या धड्यांत ट्रफल आणि गनाश यांची नावे सर्वत्र दिसतील, परंतु त्या दोन्हींची देखभाल २०२३ मध्ये थांबवण्यात आली आहे. टेस्टनेटचे, म्हणजे सरावासाठीच्या ब्लॉकचेनचेही तसेच आहे. रोपस्टेन, रिंकबी आणि गोएर्ली ही तिन्ही बंद झालेली आहेत, त्यामुळे एखादा लेख गोएर्लीवर डिप्लॉय करायला (कॉन्ट्रॅक्ट ब्लॉकचेनवर चढवायला) सांगत असेल तर तो तिथेच मिटवा आणि सेपोलिया वापरा.

टेस्टनेटवरच्या इथरला (इथेरियमच्या चलनाला) किंमत नसते, पण तो मिळवण्यासाठी लागणारा वेळ मात्र खरा असतो. तो वाटणाऱ्या फॉसेट नावाच्या सेवा दर दिवशी थोडाच देतात, काही ठिकाणी आधीपासून खाते असावे लागते, तर काही ठिकाणी मेननेटवर, म्हणजे खऱ्या ब्लॉकचेनवर, थोडी शिल्लक दाखवावी लागते. हॅकेथॉनच्या आठवडाभर आधीपासून चौघांनी चार वॉलेटमध्ये तो साठवत जावे. आयत्या वेळी सगळे संघ एकाच इंटरनेट जोडणीवरून फॉसेटकडे धावतात आणि फॉसेट त्या सर्वांना एकच ग्राहक समजून अडवते.

आणखी एक अडचण, जिच्यावर कोणी लिहीत नाही. आपल्या संगणकावरची स्थानिक ब्लॉकचेन बंद करून पुन्हा चालू केली की ती शून्यापासून सुरू होते, पण मेटामास्क या ब्राउझरमधल्या वॉलेटच्या लक्षात आधीच्या व्यवहारांचा क्रमांक राहिलेला असतो. मग प्रत्येक व्यवहार नॉन्स (हाच क्रमांक) फार मोठा असल्याच्या तक्रारीने नाकारला जातो आणि संघ आपल्या निर्दोष कोडमध्ये चूक शोधत बसतो. मेटामास्कच्या सेटिंगमध्ये त्या खात्याच्या हालचालींची नोंद पुसली की प्रश्न मिटतो.

तिरपी रेघ

सर्वांचे आभार. सेफची कागदपत्रे वाचली. आम्हाला दिसलेला फरक असा की सेफमध्ये सही करणारे मोजके असतात आणि ते मंजुरी देतात, तर आमच्याकडे शंभर-दीडशे सभासद असतील, विरोधी मतही नोंदले जाईल आणि नव्या सभासदाला घेणे किंवा कोणाला वगळणे हेही मतदानानेच होईल. एवढा फरक पुरेसा आहे का, हे परीक्षक ठरवतील, पण आता आम्हाला तो सांगता येतो. जाळे इथेरियम आणि साधन हार्डहॅट असे निश्चित केले आहे.

आता रचनेबद्दल दोन शंका आहेत. प्रस्तावाचा मजकूर आणि बिलाचे छायाचित्र कॉन्ट्रॅक्टमध्येच ठेवण्याचा विचार होता, म्हणजे पुरावा कोणालाही बदलता येणार नाही. दुसरे म्हणजे सभासदांची यादी एका अ‍ॅरेमध्ये ठेवून प्रत्येक मतमोजणीच्या वेळी त्यावरून फिरण्याचे ठरले होते. यात काही अडचण आहे का?

सातवा मजला

दोन्हींत आहे, आणि पहिल्यातली आकड्यांतच दिसते. इथेरियमवर ३२ बाइटांचा एक कप्पा नव्याने भरायला सुमारे २०,००० गॅस (कामाचे शुल्क मोजण्याचे एकक) लागतो. साधे इथर पाठवण्याचा पूर्ण व्यवहार २१,००० गॅसमध्ये होतो, यावरून साठवणूक किती महाग आहे याची कल्पना येईल. बिलाचे छायाचित्र २०० किलोबाइटचे धरले तर ६,४०० कप्पे लागतील आणि निव्वळ साठवणुकीला १२ कोटी ८० लाख गॅस लागेल. एका ब्लॉकमध्ये सर्वांचे मिळून किती गॅस मावतो याची मर्यादा २०२१ पासून २०२५ च्या सुरुवातीपर्यंत ३ कोटी होती. त्यानंतर ती टप्प्याटप्प्याने वाढवली असली तरी एवढ्या आकाराचा व्यवहार पार पडणार नाही. हा प्रश्न पैशांच्या अलीकडचा आहे: ते छायाचित्र एका व्यवहारात बसतच नाही.

म्हणून छायाचित्र बाहेर ठेवायचे आणि त्याचा ३२ बाइटांचा हॅश (आशयावरून काढलेला ठसा) तेवढा कॉन्ट्रॅक्टमध्ये ठेवायचा. छायाचित्राचा एक बिंदू जरी बदलला तरी हॅश जुळणार नाही, त्यामुळे 'पुरावा बदलता येऊ नये' हा तुमचा हेतू साध्य होतो. बाहेर म्हणजे कुठे, तर आयपीएफएस हे अनेक संगणकांवर फाइली ठेवणारे जाळे हा रूढ पर्याय आहे. तिथे फाइलचा पत्ता तिच्या आशयावरूनच ठरतो, त्यामुळे पत्ता तोच ठेवून आशय बदलणे शक्य नसते. मात्र आयपीएफएसवर टाकले म्हणजे कायमचे राहिले, हा समज खरा नाही. ती फाइल कोणीतरी पिन करून (आपल्या संगणकावर जपून) ठेवली तरच ती मिळत राहते. सगळ्यांनी सोडली तर हॅश उरतो आणि फाइल हरवते. परीक्षकाने 'बिल कोण सांभाळतो?' असे विचारले तर 'आयपीएफएस' हे अर्धेच उत्तर आहे. 'मंडळाचा एक नोड (जाळ्यातला संगणक) आणि एक पिन करणारी सेवा' हे पूर्ण उत्तर झाले.

यातच खासगीपणाचा मुद्दा येतो आणि विद्यार्थ्यांच्या प्रकल्पांत तो सर्रास सुटतो. बिलावर नाव, फोन क्रमांक, कधी घरचा पत्ताही असतो. सार्वजनिक ब्लॉकचेनवर गेलेली माहिती मागे घेता येत नाही आणि आयपीएफएसवरची प्रत दुसऱ्या कोणी ठेवली तर तीही घेता येत नाही. त्यामुळे बिल आधी कूटबद्ध करा किंवा तो भाग झाकून मगच चढवा. काही संघ फोन क्रमांकाचा हॅश कॉन्ट्रॅक्टमध्ये ठेवतात आणि माहिती लपवली असे समजतात. दहा आकडी क्रमांकांच्या सगळ्या शक्यता साधा संगणकही थोडक्या वेळात तपासून टाकतो, म्हणून तो हॅश व्यवहारात उघड्या क्रमांकासारखाच आहे. हॅश करण्यापूर्वी त्यात एक लांब, गुप्त यादृच्छिक आकडा मिसळणे आवश्यक असते.

आता यादीवरून फिरण्याबद्दल. सभासद वाढतील तसा त्या फेरीचा गॅस वाढत जाईल आणि एके दिवशी मतमोजणीच अशक्य होऊन निधी आत अडकेल. ही फेरी मुळात लागतच नाही. मत देतानाच त्या प्रस्तावाची 'होकार' किंवा 'नकार' ही बेरीज एकाने वाढवा आणि 'या पत्त्याने (वॉलेटने) या प्रस्तावावर मत दिले आहे' अशी नोंद मॅपिंगमध्ये (पत्त्यावरून थेट शोधता येणाऱ्या तक्त्यात) करा. मतदारांची नावे स्क्रीनवर दाखवायची असतील तर प्रत्येक मताबरोबर एक इव्हेंट, म्हणजे बाहेरून वाचता येणारी नोंद, सोडा. इव्हेंट साठवणुकीपेक्षा पुष्कळ स्वस्त असतात, कॉन्ट्रॅक्टला ते वाचता येत नाहीत, पण फ्रंटएंडला (वापरकर्त्याच्या स्क्रीनला) येतात, आणि तुम्हाला ते तिथेच हवे आहेत.

उलटतपासणी

मतदानाचा विषय निघालाच आहे तर ज्या जागी बहुतेक संघ अडखळतात, त्या जागेबद्दल लिहितो. मताचा अधिकार टोकनशी जोडू नका. टोकन हाती असेल त्याला मत, असा नियम केला तर एकाने मत द्यावे, टोकन दुसऱ्या पत्त्यावर पाठवावे आणि तिथून पुन्हा मत द्यावे, हे सहज होते. ते टाळण्यासाठी विशिष्ट ब्लॉकच्या वेळची शिल्लक गोठवून मोजावी लागते. तुमच्याकडे सभासदत्व आहे, तेव्हा 'एक पत्ता, एक मत' पुरे. पण एका माणसाला हवे तेवढे पत्ते काढता येतात, त्यामुळे पत्ता कोणाचा आहे हे आत घेतानाच कोणीतरी तपासलेले असले पाहिजे. ते तपासणारे ब्लॉकचेनबाहेरचे असेल, आणि हे लपवण्याऐवजी सांगून टाकलेले बरे.

बहुमताचा हिशेबही जपून करा. 'एकूण सभासदांच्या निम्म्याहून अधिक' ही अट मोजणीच्या वेळच्या संख्येवर बेतली, तर मतदान चालू असताना सभासद वाढवून किंवा घटवून निकाल फिरवता येतो. प्रस्ताव मांडला त्या क्षणाची सभासदसंख्या त्या प्रस्तावाबरोबर नोंदवून ठेवा आणि त्यानंतर आलेल्यांना त्या प्रस्तावावर मत देऊ देऊ नका. गुप्त मतदानाच्या वाटेला जाऊ नका. आधी मताचा हॅश द्यायचा आणि मुदत संपल्यावर मत उघड करायचे, ही पद्धत शिकण्यासारखी आहे, पण ती मुदत संपेपर्यंतच मत लपवते आणि उघड करायला विसरणाऱ्यांचे काय करायचे, हा नवा प्रश्न उभा करते.

कोरे पान

पैसे देण्याच्या फंक्शनबद्दल कोणीच लिहिलेले नाही आणि धोका तिथेच सर्वाधिक आहे.

तुमचा प्रकल्प, म्हणजे सामायिक निधी, प्रस्ताव आणि मतदान, हा २०१६ मध्ये 'द डीएओ' या नावाने मोठ्या प्रमाणावर करून झाला आहे. त्या जूनमध्ये त्यातून सुमारे ३६ लाख इथर एका हल्लेखोराने बाहेर काढले. कॉन्ट्रॅक्ट आधी पैसे पाठवत होता आणि त्यानंतर शिल्लक कमी करत होता. पैसे घेणारा हाही एक कॉन्ट्रॅक्टच होता, आणि पैसे मिळताक्षणी त्याने तेच फंक्शन पुन्हा बोलावले. शिल्लक अजून कमी झालेली नसल्याने त्याला पुन्हा पैसे मिळाले, आणि हे चक्र चालत राहिले. ती रक्कम परत मिळवण्यासाठी जुलै २०१६ मध्ये इथेरियमचा इतिहासच वेगळ्या वाटेने नेण्यात आला. ज्यांना ते मान्य नव्हते त्यांची जुनी वाट इथेरियम क्लासिक म्हणून आजही चालू आहे.

त्यामुळे क्रम पक्का ठेवा: आधी अटी तपासा, मग प्रस्ताव 'अदा झाला' अशी नोंद करा आणि सर्वांत शेवटी पैसे पाठवा. त्याच्या जोडीला ओपनझेपलिनच्या ग्रंथालयातले (तयार कोडच्या संग्रहातले) पुनःप्रवेश रोखणारे कुलूप लावा. पैसे पाठवण्यासाठी जुन्या धड्यांत 'ट्रान्सफर' वापरलेले दिसेल. ते समोरच्याला केवळ २,३०० गॅस देते, आणि घेणारे वॉलेट स्वतःच एक कॉन्ट्रॅक्ट असेल तर तेवढ्यात त्याचे काम होईलच असे नाही. 'कॉल' वापरा आणि तो यशस्वी झाला की नाही, हे न चुकता तपासा. अपयशी 'कॉल' आपोआप व्यवहार उलटवत नाही. तपासले नाही तर पैसे न जाताच प्रस्तावावर 'अदा झाला' असा शिक्का बसेल.

सॉलिडिटीची आवृत्ती ०.८ किंवा पुढची घ्या, म्हणजे बेरीज-वजाबाकीत आकडा मर्यादेबाहेर गेल्यास व्यवहार आपोआप उलटतो. त्याआधी यासाठी वेगळे ग्रंथालय जोडावे लागे. फ्रंटएंडवाल्यांसाठी एक सूचना अशी की १ इथर म्हणजे १० चा १८ वा घात इतके वेई (इथरचे सर्वांत लहान एकक), आणि जावास्क्रिप्टचा साधा नंबर ९,००,७१,९९,२५,४७,४०,९९१ च्या पुढचे पूर्णांक खात्रीने अचूक धरू शकत नाही. रक्कम सर्वत्र बिगइंट या मोठ्या पूर्णांकांच्या प्रकारातच हाताळा. स्क्रीनवर दाखवतानाच तिचे रूपांतर करा.

दुसरी बाजू

सुरक्षेच्या या सल्ल्याला माझाही पाठिंबा आहे, मात्र किल्ल्यांचा मुद्दा राहिला. डिप्लॉय करण्यासाठी लागणारी खासगी किल्ली (वॉलेटवर ताबा देणारा गुप्त आकडा) कोडमध्ये लिहून ती सार्वजनिक रिपॉझिटरीत चढवली जाते, हे हॅकेथॉनमध्ये दर वेळी घडते. नंतरच्या कमिटमध्ये ती पुसली तरी गिटच्या इतिहासात ती राहतेच. हार्डहॅट जी तयार खाती देते, त्यांच्या किल्ल्या तर जगातल्या प्रत्येकाला ठाऊक आहेत. त्या पत्त्यांवर चुकून खरे इथर गेले तर टपून बसलेले बॉट ते लगेच उचलतात. हॅकेथॉनसाठी वेगळा ब्राउझर प्रोफाइल, वेगळे वॉलेट आणि त्यात केवळ टेस्टनेटचे पैसे, एवढी शिस्त पुरते.

सातवा मजला

आता 'विकेंद्रित' या दाव्याबद्दल. माझ्या मते परीक्षकांनी कोडच्या आधी तो तपासावा. कॉन्ट्रॅक्टला एक मालक असतो आणि तो सभासद वाढवू शकतो, असे असेल तर त्या मालकाने आपलेच दोनशे पत्ते आत घेऊन हवा तो प्रस्ताव मंजूर करून घ्यावा. मतदानाचा सारा डोलारा तसाच उभा राहतो, पण सत्ता पुन्हा खजिनदाराकडेच जाते. कॉन्ट्रॅक्ट प्रॉक्सीमागे ठेवून नंतर बदलता येण्याची सोय केली तर ज्याच्याकडे बदलण्याची किल्ली आहे, त्याच्याकडे सगळेच आहे. धागाकर्त्याने सभासदत्वही मतदानाने ठरवायचे म्हटले आहे, ते योग्यच आहे. त्याचा अर्थ असा की सुरुवातीचे सभासद कन्स्ट्रक्टरमध्ये (डिप्लॉय करताना एकदाच चालणाऱ्या फंक्शनमध्ये) द्यायचे आणि त्यानंतर मालक नावाची भूमिकाच ठेवायची नाही.

याची किंमत मोजावी लागते, तीही सांगा. मालक नसलेल्या कॉन्ट्रॅक्टमध्ये चूक निघाली तर दुरुस्त करणारे कोणी नसते. नोव्हेंबर २०१७ मध्ये पॅरिटी या कंपनीच्या बहुस्वाक्षरी वॉलेटांचे सामायिक ग्रंथालय एका वापरकर्त्याने नष्ट केले. त्या ग्रंथालयाचा मालक कोणी नेमलेलाच नव्हता, म्हणून कोणालाही मालक होता आले, आणि पाच लाखांहून अधिक इथर त्यावर अवलंबून असलेल्या वॉलेटांत कायमचे अडकून पडले. 'मालक नाही' आणि 'मालकाची जागा रिकामी आहे' या दोन वेगळ्या स्थिती आहेत. तुमच्या चाचण्यांत परक्या पत्त्यावरून प्रत्येक फंक्शन बोलावून ते नाकारले जाते की नाही, हे आधी पाहा.

फ्रंटएंड एकाच सर्व्हरवर आणि ब्लॉकचेनशी जोडणी एकाच कंपनीच्या नोडमार्फत, हे हॅकेथॉनमध्ये चालते. तो सर्व्हर बंद पडला तरी निधी सुरक्षित राहतो आणि दुसऱ्या कोणत्याही साधनाने कॉन्ट्रॅक्टशी बोलता येते, हे दाखवता आले तर उत्तमच. त्यासाठी सेपोलियावरच्या एक्सप्लोररवर (ब्लॉकचेन वाचण्याच्या संकेतस्थळावर) कॉन्ट्रॅक्टचा सोर्स कोड पडताळून ठेवा. मग परीक्षकाला तो तिथेच वाचता येतो आणि तिथूनच फंक्शनही चालवता येते.

तिरपी रेघ

मालकाची भूमिका काढून टाकली आहे. कॉन्ट्रॅक्टमध्ये आता वर्गणी भरणे, प्रस्ताव मांडणे, मत देणे आणि मंजूर प्रस्ताव अमलात आणणे एवढीच चार फंक्शने उरली आहेत. सभासद घेणे किंवा वगळणे हाही प्रस्तावाचाच एक प्रकार केला आहे. बिलाचा हॅश आत आणि कूटबद्ध प्रत आयपीएफएसवर राहील.

दोन गोष्टी उरल्या. कॉन्ट्रॅक्ट तयार होईपर्यंत फ्रंटएंडच्या दोघांनी काय करावे? आणि मतदानाची मुदत तीन दिवसांची असेल, तर पाच मिनिटांच्या सादरीकरणात प्रस्ताव मंजूर होऊन पैसे गेलेले कसे दाखवावेत?

उलटतपासणी

पहिल्याचे उत्तर असे की पहिल्या तासात चौघांनी एकत्र बसून फक्त इंटरफेस लिहावा: चार फंक्शनांची नावे, त्यांना लागणाऱ्या गोष्टी, ते परत काय देतात आणि कोणते इव्हेंट सुटतात. तो गोठला की त्यावरून एबीआय (कॉन्ट्रॅक्टशी बोलण्याचे वर्णन) मिळतो आणि फ्रंटएंडचे काम पोकळ कॉन्ट्रॅक्टवर लगेच सुरू होऊ शकते. पुढे कॉन्ट्रॅक्ट पुन्हा डिप्लॉय केला की त्याचा पत्ता बदलतो, म्हणून तो पत्ता एकाच फाइलमध्ये ठेवा आणि डिप्लॉय करणारी स्क्रिप्टच ती फाइल लिहील अशी व्यवस्था करा. दोन तृतीयांश वेळ संपल्यावर कॉन्ट्रॅक्टमध्ये नवे काहीही घालू नका. त्यानंतर फक्त चाचण्या, पडताळणी आणि सादरीकरणाची चित्रफीत.

कोरे पान

मुदतीचे उत्तर सोपे आहे, फक्त ते आधी सुचायला हवे. मुदत कोडमध्ये पक्की लिहू नका. ती कन्स्ट्रक्टरला द्यायची संख्या ठेवा. मग चाचण्यांत आणि खऱ्या वापरात तीन दिवस, आणि सेपोलियावर सादरीकरणासाठी डिप्लॉय केलेल्या प्रतीत नव्वद सेकंद देता येतील. परीक्षकांना हे आपणहून सांगा. स्थानिक ब्लॉकचेनवर घड्याळ पुढे ढकलता येते, म्हणून तीन दिवसांची चाचणी एका क्षणात होते. सेपोलियावर ते शक्य नाही. तिथे दर १२ सेकंदांनी एक ब्लॉक येतो आणि व्यवहार नोंदला जायला तेवढा किंवा त्याहून अधिक वेळ लागतो, त्यामुळे नव्वद सेकंदांत तीन मते बसवायची तर तीन वॉलेट वेगवेगळ्या प्रोफाइलमध्ये आधीच जोडून ठेवा आणि त्या वेळात बोलायचे काय, हे ठरवून ठेवा. तीस सेकंदांची मुदत ठेवली तर शेवटचे मत नोंदले जाण्याआधीच ती संपण्याची शक्यता राहते.

शिवाय मुदत संपल्यावर पैसे आपोआप जात नाहीत. कॉन्ट्रॅक्ट स्वतःहून कधीच जागा होत नाही; कोणीतरी व्यवहार पाठवून त्याला चालवावे लागते. तुमचे चौथे फंक्शन कोणालाही बोलावता येईल असे ठेवा आणि स्क्रीनवर त्यासाठी एक बटण द्या. मुदत संपली का, हे त्या बटणाने संगणकाच्या घड्याळावरून ठरवू नये. ताज्या ब्लॉकची वेळ वाचून ठरवावे, नाहीतर बटण उजळेल आणि व्यवहार मात्र उलटून येईल.

तिरपी रेघ

बटणाचा मुद्दा आमच्या आराखड्यात नव्हता. मुदत संपताच रक्कम जाईल असे स्क्रीनवर लिहिलेले होते. ते वाक्य बदलून 'अदा करा' हे बटण घेतले आहे आणि ते सभासद नसलेल्यालाही दाबता येईल. इंटरफेसचा मसुदा झाला की याच धाग्यात टाकतो.